शेऱ्याचा रकाना

सिग्नल लाल होता, गाडी थांबलेली होती, आणि तरीही ती पुढच्या गाडीला जाऊन टेकली. रस्त्याला जरासा उतार होता, तेवढ्याने. धक्का इतका किरकोळ की पुढच्या गाडीतला माणूस उतरला तो भांडायला नव्हे, पाय मोकळे करायला उतरल्यासारखा. त्याने वाकून दोन्ही बंपर पाहिले, बोटाने पुसले, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "झोप लागली का काका?" "नाही." "मग?" पाय ब्रेकवर होता. म्हणजे पाय ब्रेकवर आहे अशी त्याची खात्री होती, आणि एकतीस वर्षं ही खात्री पुरली होती. आता खाली पाहिलं तर पाय पेडलच्या बाजूला, रबरी चटईवर, मागच्या मालकाचा गाडीत राहून गेल्यासारखा पडला होता. "माफ करा," तो म्हणाला. "होतं असं. माझ्या सासऱ्यांचंही हल्ली व्हायला लागलंय," असं म्हणून तो माणूस हिरव्या दिव्याबरोबर निघून गेला. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला म्हातारा ठरवण्याच्या अनेक रीती आहेत; त्यातली ही सगळ्यात सभ्य म्हणायची. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या तेव्हा त्याने हाताने गुडघा धरून पाय उचलला, जागेवर ठेवला आणि घरी आला. बायकोला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. बंपरवर ओरखडासुद्धा नव्हता, आणि ज्याचा ओरखडा नाही त्याची नोंद कुठे करायची, हे त्याला त्याच्या नोकरीने शिकवलं नव्हतं.

नोकरी लिफ्ट तपासण्याची. सरकारी खात्यात त्याला सगळे ठीकसाहेब म्हणत, कारण तपासणीच्या कागदावर बेचाळीस कलमं असत आणि प्रत्येकापुढे 'ठीक' आणि 'नाही' असे दोन चौकोन. मोटार, दोर, ब्रेक, दरवाज्याची कडी, आतला पंखा. त्याचा एक नियम होता आणि खात्यात तो चेष्टेचा विषय होता: हात लावल्याशिवाय खूण नाही. बाकीचे तपासनीस तळमजल्यावर खुर्चीत बसून नवव्या मजल्यावरचा दोर 'ठीक' करत. हा मात्र लिफ्टच्या टपावर चढून, अंधाऱ्या बोळकांडीतून तेलाचा वास घेत, मजल्यामागून मजला मुंगीच्या चालीने वर जाई आणि प्रत्येक वस्तूला हात लावी. "ठीकसाहेब, घरीसुद्धा हात लावून बघता का, बायको आहे की नाही?" असं हेडक्लार्क विचारी. "बघतो," तो म्हणे, "तीच 'नाही' म्हणते." दोन चौकोनांच्या उजव्या हाताला कागदावर एक अरुंद रकाना असे. शेरा. जे धड ठीक नाही आणि धड नाहीही नाही, त्याच्यासाठी सरकारने ठेवलेली ही गल्ली. त्याचं अक्षर बारीक आणि वळणदार होतं, आणि त्या गल्लीत ते छान बसे.

पिवळी गाडी त्याने मागच्या वर्षी एका दंतवैद्याकडून घेतली होती. दोन दारांची, बसकी, अकरा वर्षं जुनी, आणि तिचा आवाज असा की शेजारच्या इमारतीतली म्हातारी बाल्कनीत येऊन "आलं का ते" असं विचारी. दंतवैद्य म्हणाला होता, "मी हिला दर रविवारी पुसायचो. चालवायची हिंमत नाही झाली." त्याच्या कार्यालयात या खरेदीवर महिनाभर चर्चा चालली. जन्मभर सेकंदाला एक मीटर या वेगाने वर-खाली करणाऱ्या माणसाला आडवं जोरात जावंसं वाटलं तर त्यात नवल कसलं, असं मोठे साहेब म्हणाले, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. लहानपणी वडील त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून कचेरीच्या मागच्या उतारावर नेत आणि मध्यावर दोन्ही पाय पेडलवरून उचलून हवेत धरत. "आता आपोआप," ते म्हणत. वारा डोळ्यांत जाई, दांड्याचं थंड लोखंड मांड्यांना कापी, आणि खाली भिंत मोठी मोठी होत येई. भिंत येण्याआधी वडील ब्रेक दाबून पाय परत ठेवत. ठेवायचेच. पण ठेवतील की नाही हे कळायच्या आधीचे जे तीन-चार क्षण असत, तसे पुन्हा कधी मिळाले नाहीत. पुढे सगळं बेचाळीस कलमांत गेलं. म्हणून शर्यतीच्या ट्रॅकवर नवख्यांना आपापली गाडी घेऊन एक दिवस चालवू देतात, शेजारी एक शिकवणारा बसतो, असं कळलं तेव्हा त्याने नाव घातलं. तारीख एकोणीस दिवसांवर होती तेव्हा पुढच्या गाडीला तो टेकला.

डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला कंप पावणारा लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क, टेकवला आणि डोळे मिटायला सांगितले. "कळतंय?" "कळतंय," तो म्हणाला. चिमट्याची गुणगुण त्याला ऐकू येत होती. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी चिमटा वाजवला आणि लावलाच नाही. "कळतंय?" "कळतंय." डॉक्टरांनी चिमटा टेबलावर ठेवला, फार हळू, कुणाला उठवायचं नसल्यासारखा. "नसांची तपासणी करू. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी." "तोवर गाडी चालवू?" "तपासणी होऊ द्या, मग सांगतो." "पण तोवर?" "तोवर जपून," डॉक्टर म्हणाले, आणि या शब्दाचं माप कुठल्या पट्टीने घ्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारच्या आधीचा रविवार ट्रॅकचा होता. मंगळवारी काय सांगतील ते त्याला आताच माहीत होतं. दोराचे तुटलेले धागे मोजायला लागण्यापूर्वीच हाताला दोर कळतो, तसं. मंगळवारनंतर पिवळी दुसऱ्या कुणाच्या रविवारी पुसली जाणार होती. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तो दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात गेला. त्याची बायको स्वतः औषधांच्या दुकानात होती, आणि तिला माणसं चेहऱ्याआधी चिठ्ठीवरून कळत. दुसऱ्या दुकानात गोळ्या घेताना त्याने मागे वळून पाहिलं. लफडं करणारा माणूस कसा चालत असेल ते त्याला या वयात, काही न करता कळलं.

तयारी मात्र त्याने जीव लावून केली. ट्रॅकवाल्यांनी सव्वीस कलमांचा कागद पाठवला होता. गाडी स्वतः तपासा, खुणा करा, सही करा. तो कागद पाहून त्याला परक्या गावात शाळासोबती भेटल्यासारखं झालं. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायची होती, कारण जोरात ब्रेक लागला की डब्यातलं पेनसुद्धा गोळीसारखं येतं. त्याने आसनं काढून हात फिरवला, तेव्हा खालून दंतवैद्याचा आरसा निघाला, काडीवरचा, नाण्याएवढा. त्यात त्याने उगाच पायाचा तळवा पाहिला. तळवा नेहमीसारखाच होता, गुलाबी, साळसूद. मग मिस्त्रीकडे नेऊन ब्रेकचं तेल बदललं. मिस्त्री गाडीखालून बोलत होता, फक्त चपला दिसत होत्या. "जुनं तेल तापून उकळतं साहेब. उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी जातच राहते." "आधी काही कळतं का?" "कळतं की. पेडल मऊ लागतं." "कुणाला?" चपला जरा थांबल्या. "पायाला," मिस्त्री म्हणाला, "आणखी कुणाला लागणार?" चपलांच्या दुकानातही तेच. पातळ तळव्याचे बूट हवेत असं कागदावर होतं. दुकानदाराने एक जोड काढून वाकवून दाखवला. "याच्यात खाली मुंगी आली तरी समजेल." त्याने दोन्ही घालून दुकानात फेरी मारली. डाव्या पायाला फरशांच्या सांधी लागत होत्या, एक, दोन, तीन. उजवा नुसता बरोबर येत होता, पाहुण्याबरोबर पाहुणा यावा तसा. "कसे वाटतात?" "एक चांगला आहे," तो म्हणाला. दुकानदार हसला. जोडीनेच द्यावे लागतात, म्हणाला.

त्या दिवसांत त्याला पडदे शिवणारी बाई वारंवार आठवू लागली. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी दवाखान्यांच्या एका इमारतीत तो गेला होता. नऊ मजले, एकच लिफ्ट, वर हाडांचे डॉक्टर, त्यामुळे येणारे सगळे लंगडत येणारे. ब्रेकचं अस्तर झिजत आलं होतं. हात लावला तेव्हाच कळलं. 'नाही' वर खूण केली असती तर लिफ्ट बंद, आणि ते सगळे लंगडे जिन्यावर. रखवालदाराने चहा मागवला होता. इमारतीचे मालक किती चांगले आहेत, आपल्या खोकल्यावर काय काय करून झालं, असं तो सांगत होता, आणि ठीकसाहेबांनी ऐकत ऐकत 'ठीक' वर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं: ब्रेकचे अस्तर झिजत आले आहे, लवकर बदलावे. चहा पिऊन झाला. खोकल्यावर त्याने वाफ घ्यायला सांगितली. चार महिन्यांनी लिफ्ट चौथ्यावरून दुसऱ्यावर आली, कुणीही बटण न दाबता. आत ती पडदे शिवणारी एकटीच होती. दोन्ही घोटे गेले. आणि शिवणाची मशीन ती पायाने चालवायची. चौकशीला तिघे बसले. मोठ्या साहेबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि शेऱ्याखाली बोट ठेवलं. "हे पाहा. लिहिलेलं आहे." तिघांनी पाळीपाळीने वाचलं. एकाने अक्षराचं कौतुक केलं. पुढे खात्यात नव्या लोकांना तो कागद नमुना म्हणून दाखवू लागले, तपासनीस कसा असावा म्हणून. तुम्ही हे तिथे कुणाला तोंडाने सांगितलंत का, असं त्या तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. घरी बायकोने विचारलं होतं, त्याच दिवशी, ताट वाढताना. "लिहिलं होतं," तो म्हणाला. ती वाढायचं थांबली आणि मग पुन्हा वाढू लागली.

शनिवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, शेवटचं कलम राहिलं: ब्रेकचे दिवे. याला दोन माणसं लागतात. एकाने दाबायचं, एकाने मागे उभं राहून पाहायचं. बायको दुकानातून येऊन पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच त्याने तिला खाली बोलावलं. ती चालकाच्या जागी बसली, त्याने मागून पाहिलं. "दाब." तिन्ही दिवे लागले, पार्किंगची भिंत लाल झाली. "सोड." भिंत पुन्हा राखाडी. झालं होतं, खूण करायला हरकत नव्हती. पण उद्या दाबणारा पाय तिचा नव्हता, आणि तीस वर्षांची खोड अशी की जो भाग वापरात येणार तोच तपासायचा. "आता तू मागे जा. मी दाबतो." तो बसला, नवे बूट घालून. आरशात बायकोचं पोट आणि हाताची घडी दिसत होती. "दाबा," ती म्हणाली. "दाबलाय." "लागले नाहीत." "नीट बघ, उजेड आहे अजून." "मघाशी उजेड नव्हता का? दाबा." "अगं, दाबलाय." वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली. त्याने खाली पाहिलं नाही. पाहिलं नाही तोवर पाय कुठेही असू शकत होता. "बल्ब गेला असेल," तो म्हणाला. "तिन्ही?" ती म्हणाली. "माझ्या पायाने लागतात आणि तुमच्या पायाने जातात, असे बल्ब आमच्या दुकानात तरी नाहीत."

ती येऊन शेजारच्या आसनावर बसली, दार लावून घेतलं. बसक्या गाडीत तिचे गुडघे वर आले होते आणि त्यामुळे ती जरा लहान मुलीसारखी दिसत होती, पण बोलली ती तशी नाही. "किती दिवस झाले?" "कशाला?" "पलीकडच्या दुकानातला माझ्याबरोबर शिकायला होता. तुम्ही गोळ्या घेतल्यात त्याच दिवशी त्याचा फोन आला." "मग बोलली का नाहीस?" "म्हटलं, कधी सांगता ते बघावं." त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, कागदात सांगितल्याप्रमाणे. "मंगळवारनंतर चालवता येणार नाही," तो म्हणाला. "माहीत आहे." "म्हणून उद्या." "तेही माहीत आहे. मी नको म्हणणार नाही. नको म्हटलं तर उरलेला जन्म ही गाडी माझ्या डोक्यात चालवाल." ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "तिथे शेजारी कुणी बसतं?" "शिकवणारा. नवख्यांबरोबर बसतातच." "इथे, माझ्या जागी?" "हो." तिने पायाखाली पाहिलं. तिथे पेडलं नव्हती, नुसती चटई. "त्याला सांगाल?" "कागदावर रकाना आहे. प्रकृतीबद्दल काही असल्यास." "कागदाचं नाही विचारलं. त्याला. बसायचं की नाही ते तो ठरवील, पण सांगा." "सांगतो." "तोंडाने." "सांगतो म्हटलं ना." ती उतरायला लागली आणि बसक्या आसनातून तिला पटकन उठता येईना, त्याने हात दिला. वर गेल्यावर त्याने कागद पुरा केला. ब्रेकचे दिवे: ठीक. ते ठीकच होते. मग सगळ्यात खाली, शेऱ्याच्या रकान्यात, आयुष्यातल्या सगळ्यात सुबक अक्षरात लिहिलं: उजव्या पायाच्या तळव्याला अधूनमधून संवेदना नसते. 'अधूनमधून' हा शब्द त्याने दोनदा वाचला. वाईट शब्द नव्हता.

ट्रॅकवर सकाळी आठला ऊन आधीच पांढरं झालं होतं. डांबर इतकं काळं आणि रुंद की त्यावर रस्त्यासारखं काही वाटत नव्हतं. कुठून कुठे जायचं याची पर्वा नसलेली जागा. वळणांच्या बाहेर वाळू पसरली होती, दाताळ्याने ओढून सारखी केलेली, आणि एका ठिकाणी तिच्यात दोन खोल चर गेले होते आणि भिंतीपाशी संपले होते. कुणीतरी ते अजून पुसायचे होते. टेबलापाशी रांग होती. पुढच्या तरुणांनी कागद विमानाच्या तिकिटासारखे नाचवत आणले होते. त्याचा घडी न पडलेला, पुठ्ठ्याच्या पाकिटात. टेबलावरच्या बाईने तो घेतला, उलटला, विचारलं, "रक्तगट?" त्याने सांगितला. "घरचा फोन?" त्याने सांगितला. शिक्का तिने शाईवर दाबला आणि बरोबर शेऱ्यावर मारला. 'मान्य' या शब्दाच्या खालून 'संवेदना' अर्धवट दिसत राहिलं. "तिथे मी काही लिहिलंय," तो म्हणाला. तिने वाकून पाहिलं. "हो, छान अक्षर आहे. हात पुढे करा." आणि मनगटावर नारिंगी कागदी पट्टी चिकटवली. इतकी वर्षं त्याने लिहिलेले शेरे कुठे जात असतील ते त्याला त्या क्षणी एकदम दिसलं, एका मोठ्या कपाटात, हजारो, सुवाच्य. मागचा म्हणाला, "काका, सरका ना." तो सरकला.

शिकवणारा बुटका, गोल, उन्हाने रापलेला, आणि सकाळीच तीन जणांशेजारी बसून ओरडून आल्यामुळे घशात खरखर आलेला. हेल्मेट काखेत मारून तो गाडीभोवती फिरला, चाकांना बुटाने ठोकरलं. "कुणी तपासली?" "मीच." "हात लावून तपासलेली दिसते. शाबास." तो आत शिरला, पट्टे बांधले, दोनदा ओढून पाहिले. "हे बघा साहेब, माझ्या बाजूला ब्रेक नाही. माझ्याकडे फक्त तोंड आहे. सरळ पट्टी संपता संपता मी 'आता' म्हणणार. आता म्हटलं की दाबायचं, सगळ्या ताकदीने, दया-माया न करता. तिथे वेग एकशे साठच्या आसपास असतो. कळलं?" "कळलं." "मला धाडसी लोकांची भीती वाटते. तुम्ही घाबरलेले दिसता, म्हणजे माझं दुपारचं जेवण नक्की." तो स्वतःच हसला आणि मग शिकवणाऱ्यांच्या सवयीने गंभीर झाला. "काही दुखणं-बिखणं? मान, पाठ, चक्कर? जे असेल ते आत्ता सांगा. एकदा निघालो की इंजिनपुढे काही ऐकू येत नाही." हेल्मेटमध्ये त्याचे गाल दाबले गेले होते आणि स्वतःचा श्वास कानात मोठ्याने ऐकू येत होता. वाक्य तयार होतं. सहा शब्दांचं, कालच घोटून लिहिलेलं. त्याने पाहिलं की शिकवणाऱ्याने गुडघ्यांवर हात ठेवलेत, निवांत, अंगठ्यावर शाईचा डाग, करंगळीच्या नखाला मुलीने लावून ठेवावं तसं जांभळं नेलपॉलिश. समोर झेंडेवाल्याने झेंडा उचलला होता. सगळी काळी पट्टी रिकामी होती, टोकाशी उन्हात थरथरत. हे वाक्य बोललं की हा माणूस उतरेल. उतरून सभ्यपणे काच ठोठावेल, आणि पट्टी तशीच रिकामी राहील.

"फॉर्मवर लिहिलंय," तो म्हणाला.

"लिहिलंय ना?" शिकवणारा म्हणाला. "मग झालं." आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

झेंडा पडला. गाडी निघाली, त्यावरून पाय खाली गेला असणार.